पाच सेकंदांचं मौन

लिनक्सच्या सर्व्हरवर दुसऱ्या संगणकावरून लॉगिन करायचं, एंटर दाबायचं आणि मग पडद्यावर काहीच हालचाल नाही. पाच सेकंद, दहा सेकंद, कधी वीस. त्यानंतर पासवर्ड विचारला जातो आणि पुढचं सगळं झरझर चालतं. ज्या कार्यालयात, कॉलेजच्या प्रयोगशाळेत किंवा छोट्या कंपनीत लिनक्स, फ्रीबीएसडी अशी युनिक्सच्या कुळातली यंत्रं आहेत, तिथे हा प्रकार ओळखीचा असतो. त्यावर पहिला सल्लाही ठरलेला असतो: सर्व्हर जुना झाला, रॅम वाढवा. रॅम वाढते, दहा सेकंद मात्र जिथल्या तिथे राहतात. या वेळात यंत्र काही काम करतच नसतं, ते नुसतं वाट बघत असतं. बहुतेक वेळा ते ज्या प्रश्नाच्या उत्तराची वाट बघत असतं, त्याला ना कुणी होकार देतं, ना नकार. नुसता नकार आला असता, तरी काम त्याच क्षणी पुढे सरकलं असतं. म्हणून असा विलंब दूर करायचा, तर आधी शोधायला हवं ते हे मौन कुठे आहे. नाव मिळवण्याचा प्रश्न त्यानंतरचा.

आधी हा प्रश्न काय असतो ते पाहू. इंटरनेटवर यंत्रं एकमेकांना आकड्यांनी ओळखतात आणि माणसं यंत्रांना नावांनी. नावावरून आकडा काढून देण्याचं काम डीएनएस, म्हणजे डोमेन नेम सिस्टिम करते. पॉल मोकापेट्रिस यांनी तिची रचना १९८३ साली मांडली. तोवर अमेरिकेतल्या आर्पानेटवरच्या सगळ्या यंत्रांची नावं एकाच फायलीत असत; ती फाइल कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संशोधन संस्थेत सांभाळली जाई आणि बाकीचे तिथून तिची प्रत उतरवून घेत. नव्या रचनेत उलट प्रश्नाचीही सोय होती: आकडा माहीत आहे, नाव सांगा. हाच रिव्हर्स लुकअप, आणि त्याचं उत्तर ज्या नोंदीत असतं ती पीटीआर नोंद. समजा पत्ता आहे १९२.१६८.१.२५. यंत्र त्यातले चार गट उलट्या क्रमाने लावतं, शेवटी एक ठरावीक शेपूट जोडतं आणि २५.१.१६८.१९२.इन-अ‍ॅडर.आर्पा या नावाची नोंद मागतं. क्रम उलटण्याला कारण आहे. डोमेनच्या नावात सर्वांत मोठा विभाग शेवटी येतो, आयपी पत्त्यात तो सुरुवातीला असतो. उलटून घेतलं की दोन्हींची दिशा एक होते आणि वरच्याने खालच्याकडे जबाबदारी सोपवण्याची डीएनएसची नेहमीची पद्धत इथेही लागू पडते. आशिया-पॅसिफिक भागात आयपी पत्त्यांचं वाटप ऑस्ट्रेलियातली एपनिक ही संस्था पाहते, भारतात ते काम तिच्याशी जोडलेली इरिन करते, तिथून पत्ते सेवा कंपन्यांना मिळतात. उलट नोंदींची जबाबदारीही त्याच वाटेने खाली उतरते. परिणाम असा, की डोमेन विकत घेणारा आपल्या नावाच्या सगळ्या नोंदी स्वतः बदलू शकतो, पण पीटीआर नोंद सहसा त्याच्या हातात नसते. ती आकडा देणाऱ्याकडे मागावी लागते. मागितलीच नाही, तर ती नसूही शकते.

हा प्रश्न विचारतं कोण? बहुतेक वेळा तो माणसाने विचारलेलाच नसतो. आपण लॉगिन करतो तेव्हा दुरून लॉगिन करू देणारा एसएसएचचा सर्व्हर, तशी सेटिंग चालू असेल तर, आलेल्या पत्त्याचं नाव शोधू लागतो, म्हणजे लॉगमध्ये ते लिहिता येईल आणि नावावर आधारलेला एखादा नियम असेल तर तो लावता येईल. टपाल घेणारा सर्व्हर पाठवणाऱ्याचं नाव तपासतो. नेटस्टॅट जोडण्यांची यादी दाखवताना प्रत्येक आकड्यापुढे नाव मांडू पाहतो आणि ट्रेसराउट वाटेतल्या प्रत्येक टप्प्याचं. फायरवॉलचे नियम दाखवणारी आयपीटेबल्सची यादीसुद्धा त्याच कारणाने ओळ-ओळ करत अडखळते. या बहुतेक आज्ञांना 'एन' ही खूण जोडली की नावं शोधणं थांबतं आणि यादी एका दमात समोर येते. जी आज्ञा 'एन'शिवाय अडखळते आणि 'एन'सह धावते, तिचा दोष नावांच्या शोधातच आहे, हे एवढ्यावरून पक्कं होतं. निदानाची याहून स्वस्त चाचणी नाही.

आता त्या सेकंदांकडे वळू, कारण सगळा पुरावा त्यांच्यातच आहे. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत डीएनएस सर्व्हरचे पत्ते 'रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ' या छोट्या फायलीत असतात, जास्तीत जास्त तीन. वेगळी सूचना नसेल तर यंत्र पहिल्या सर्व्हरला प्रश्न पाठवतं आणि ५ सेकंद थांबतं. उत्तर नाही आलं, तर पुढच्याकडे जातं. यादी संपली की एकदा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. यादीत एकच सर्व्हर असेल आणि तो मुका असेल, तर १० सेकंद. दोन असतील आणि दोन्ही मुके असतील, तर २०. पहिला मुका आणि दुसरा बोलका असेल, तर ५. म्हणून लॉगिनला लागणारा वेळ घड्याळ लावून मोजावा. दमलेल्या यंत्राचा विलंब दर वेळी वेगळा येतो, कधी ३ सेकंद, कधी ८. मौनाचा विलंब दर वेळी तोच येतो आणि बहुधा पाचाच्या पाढ्यात बसतो. फोन वाजत राहिला आणि कुणी उचललाच नाही, तर आपण किती वेळ कानाला लावून बसायचं हे आपलं आपण ठरवतो. तोच फोन उचलून कुणी "इथे या नावाचं कुणी राहत नाही" म्हणालं, तर आपण लगेच ठेवून देतो. डीएनएसमध्ये त्या दुसऱ्या उत्तराला एनएक्सडोमेन म्हणतात आणि ते काही मिलिसेकंदांत येतं. यंत्र चालू आहे पण त्यावर डीएनएसची सेवा नाही, असं असेल तरी ते यंत्र सहसा 'इथे कुणी ऐकत नाही' एवढा निरोप परत पाठवतं, आणि विचारणारा न थांबता पुढच्या सर्व्हरकडे जातो. नकाराचा आणखी एक गुण १९९८ सालच्या आरएफसी २३०८ या दस्तऐवजात पक्का झाला: मधला सर्व्हर नकार ठरावीक काळ लक्षात ठेवू शकतो आणि तोच प्रश्न पुन्हा आला की स्वतःच उत्तर देतो. मौन सहसा असं साठवलं जात नाही. नेहमीच्या लिनक्सवर तर प्रत्येक नवा प्रोग्रॅम यादीतल्या पहिल्या सर्व्हरपासूनच सुरुवात करतो. तो सर्व्हर काल दिवसभर गप्प होता हे त्याला ठाऊकच नसतं. त्यामुळे तेच पाच सेकंद दिवसातून शंभर वेळा मोजावे लागतात.

हे सिद्ध करून दाखवणारा प्रयोग लिनक्सच्या कुठल्याही टर्मिनलवर करता येतो. 'गेटेंट होस्ट्स' ही आज्ञा, पुढे पत्ता, आणि सगळ्याच्या आधी 'टाइम' हा शब्द. शेवटी तीन ओळी येतात. 'रिअल'समोर १० सेकंद आणि वर काही मिलिसेकंद. 'युजर' आणि 'सिस' या दोन्हींसमोर जवळजवळ शून्य. पहिली ओळ भिंतीवरच्या घड्याळाचा वेळ सांगते, उरलेल्या दोन प्रोसेसर त्या कामात किती गुंतला ते सांगतात. दहा सेकंदांत प्रोसेसरने काहीच केलेलं नाही. रॅम, डिस्क, प्रोसेसर यांच्यावरचा आरोप इथेच निकालात निघतो. त्यानंतर दुसऱ्या खिडकीत 'टीसीपीडम्प' चालू करून ५३ क्रमांकाच्या पोर्टवरची ये-जा पाहावी, कारण डीएनएसचे प्रश्न त्याच पोर्टवर जातात. इथेही 'एन' लावायला विसरू नये. नाहीतर टीसीपीडम्प स्वतःच दिसलेल्या प्रत्येक पत्त्याचं नाव विचारत सुटतो, त्याचे प्रश्न आपल्या प्रश्नांत मिसळतात आणि तोही त्याच मौनात अडकतो. 'एन'सह पाहिलं की चित्र स्पष्ट असतं. ११ वाजून ४२ मिनिटं ७ सेकंदांनी एक प्रश्न बाहेर जातो: पीटीआर, २५.१.१६८.१९२.इन-अ‍ॅडर.आर्पा. पुढची ओळ ११ वाजून ४२ मिनिटं १२ सेकंदांची असते, आणि तीही तोच प्रश्न. दोन ओळींच्या मध्ये काहीही नाही. त्या ओळीत प्रश्न ज्याच्याकडे गेला त्या सर्व्हरचा आकडाही असतो, आणि शोध तिथून सुरू करायचा असतो.

इथे एक चकवा आहे, आणि अनुभवी लोकही त्यात सापडतात. डीएनएस तपासायला बहुतेक जण 'डिग' वापरतात. 'डिग -एक्स' आणि पुढे पत्ता दिला की तो उलट नोंद शोधून देतो, किती मिलिसेकंद लागले तेही छापतो. पण डिग थेट डीएनएस सर्व्हरशी बोलतो, आणि लॉगिन करवणारा प्रोग्रॅम त्या वाटेने जात नाही. तो आधी 'एनएसस्विच डॉट कॉन्फ' ही फाइल वाचतो. तिथल्या 'होस्ट्स' या ओळीत नावं कुठे आणि कोणत्या क्रमाने शोधायची ते लिहिलेलं असतं: आधी यंत्रावरची होस्ट्स फाइल, मग डीएनएस, आणि कधी मधेच एमडीएनएस, म्हणजे आसपासच्या यंत्रांना एकाच वेळी हाक मारून विचारण्याची पद्धत. एमडीएनएसची पूर्ण आवृत्ती त्या ओळीत असेल, तर जवळपास कुणी ओळख देणारं नसताना ती हाक मारून थांबून राहते. म्हणून डिग आणि गेटेंट दोन्ही चालवावेत. डिग झटपट आणि गेटेंट रेंगाळलेला असेल, तर दोष त्या ओळीत शोधावा. दोन्ही रेंगाळले, तर दोष डीएनएसच्या वाटेवर आहे. मॅकवर तर रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ वाचून फारसं हाती लागत नाही. तिथे 'एसकटिल' या आज्ञेला डीएनएसची माहिती विचारावी लागते.

मौन नेमकं कुठे असतं, याची ठिकाणं थोडीच आहेत. सर्वांत जास्त वेळा ते रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्येच सापडतं: राउटर बदलला, इंटरनेट कंपनी बदलली, व्हीपीएन बंद झाला, पण जुन्या सर्व्हरचा आकडा यादीच्या डोक्यावर तसाच राहिला. दुसरं ठिकाण फायरवॉल. कुणीतरी सुरक्षेसाठी ५३ क्रमांकाची वाट बंद करताना पॅकेट नाकारण्याऐवजी गुपचूप टाकून देण्याचा नियम लिहिलेला असतो. तिसरं ठिकाण दूरचं. सेवा कंपनीने उलट नोंदींची जबाबदारी ज्या सर्व्हरांवर सोपवली, ते कधीच बंद पडलेले असतात. मग आपला सर्व्हर ठणठणीत असूनही त्याला वरून उत्तर मिळत नाही. आयपीव्ही६ च्या पत्त्यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे पत्ता १६ अंकी पद्धतीच्या ३२ अंकांचा असतो, प्रत्येक अंक सुटा करून उलट लावला जातो आणि एका घरगुती जोडणीच्या पट्ट्यातच इतके पत्ते असतात, की प्रत्येकाची पीटीआर नोंद आधी लिहून ठेवणं शक्यच नाही. भारतात मोबाइल इंटरनेटचा मोठा भाग आयपीव्ही६ वर चालतो, म्हणजे मोबाइलवरून सर्व्हरवर येणाऱ्या बहुतेकांना उलट नाव नसणार हे धरूनच चालावं. त्याने काही बिघडत नाही, वरच्या सर्व्हरने तसा नकार वेळेवर दिला तर.

चौथ्या ठिकाणापाशी मात्र थोडं थांबायला हवं. आपल्या घरातले आणि कार्यालयातले १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होणारे पत्ते खासगी आहेत. १९९६ च्या आरएफसी १९१८ ने हे गट कुणीही आपापल्या भिंतींच्या आत वापरावेत म्हणून बाजूला काढले. तोच १९२.१६८.१.२५ पुण्यातल्या एका घरातही असतो आणि टोरांटोतल्या एका दुकानातही. जगातला कुठलाही सार्वजनिक सर्व्हर त्याचं नाव सांगू शकत नाही. तरीही नीट न मांडलेल्या जाळ्यांतून हे प्रश्न सतत बाहेर गळतात. त्यांचा भार डीएनएसच्या सर्वांत वरच्या, म्हणजे मूळ सर्व्हरांवर पडू नये म्हणून एएस११२ नावाचा प्रकल्प उभा आहे. निरनिराळ्या देशांतल्या संस्था स्वेच्छेने त्याचे सर्व्हर चालवतात, आणि त्या सर्व्हरांचं काम एवढंच की असा प्रश्न आला की "असं नाव नाही" हे सांगायचं. त्यांना दिलेल्या मूळच्या तीन नावांपैकी एक प्रिझनर, उरलेली दोन ब्लॅकहोल. नकार देण्यासाठी जगभर यंत्रं चालू ठेवावीशी वाटली, याहून मोठा पुरावा माझ्या म्हणण्याला मिळणार नाही. पण आपल्या फायरवॉलने ती वाट अडवली किंवा ते उत्तर परत येताना हरवलं, की आतल्या आत लॉगिन करणाऱ्यालाही दहा सेकंद ताटकळावं लागतं. २०११ च्या आरएफसी ६३०३ ने म्हणूनच सांगितलं, की खासगी पत्त्यांच्या उलट प्रश्नांना प्रत्येक डीएनएस सर्व्हरने जागच्या जागी उत्तर द्यावं आणि ते बाहेर जाऊच देऊ नयेत.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा: एवढी शोधाशोध कशाला, उलट नाव शोधणंच बंद करा. हा आक्षेप हलका नाही. अपाचे वेब सर्व्हरने १.३ आवृत्तीपासून ही सोय मुळात बंद ठेवली. ओपनएसएसएचने मार्च २०१५ मध्ये आलेल्या ६.८ आवृत्तीत 'यूजडीएनएस' ही सेटिंग मुळात बंद केली. आजही विलंब दिसतो तो जुन्या आवृत्त्यांवर किंवा जिथे ती मुद्दाम चालू ठेवली आहे तिथे. दोन्ही निर्णय योग्यच होते, कारण परक्याने सांगितलेल्या नावावर विश्वास ठेवून सुरक्षा मिळत नाही. ज्या प्रोग्रॅमला नावाची गरज नाही त्यात हा शोध बंदच असावा. अडचण पुढची आहे. यादीच्या डोक्यावर मेलेला सर्व्हर असेल, तर तो उलट प्रश्नांइतकाच सरळ प्रश्नांनाही अडवतो. एसएसएचची सेटिंग बदलली की तक्रार थांबते आणि सॉफ्टवेअरचं अपडेट, बॅकअप, टपाल हे सगळं प्रत्येक नावापाशी पाच सेकंद सांडत राहतं. शिवाय सगळीकडे नाव टाळता येत नाही. 'यूजडीएनएस' बंद असताना अमुक यंत्रावरूनच प्रवेश द्यावा असा नियम यंत्राच्या नावाने लिहिता येत नाही, आकडाच द्यावा लागतो. आणि टपालाच्या सर्व्हरला पीटीआर नोंद नसेल, तर जीमेलसारख्या मोठ्या सेवा त्याची पत्रं नाकारतात किंवा स्पॅममध्ये टाकतात.

दुसरा सल्ला मिळतो तो थांबण्याची मुदत ५ वरून १ सेकंदावर आणण्याचा. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये तशी ओळ लिहिता येते आणि तातडीची मलमपट्टी म्हणून ती चालते. पण नवा प्रश्न मूळ सर्व्हरापासून एकेक पायरी उतरत जातो, आणि मंद जोडणीवर त्याला एका सेकंदाहून जास्त लागणं अशक्य नाही. मग खरं उत्तर वाटेत असतानाच यंत्र हार मानतं. कधी तरी येणारं अपयश नेहमीच्या विलंबापेक्षा शोधायला जास्त कठीण असतं. सगळी नावं होस्ट्स फायलीत लिहून टाकावीत, हाही सल्ला दिला जातो. चार-पाच स्थिर यंत्रांसाठी तो उत्तम आहे. पत्ते आपोआप वाटले जात असतील, तर ती फाइल लवकरच खोटी पडते, आणि एसआरआयमधली ती एकमेव फाइल मागे पडली तीही जाळं वाढत गेलं म्हणूनच. उरला सार्वजनिक डीएनएस लावण्याचा पर्याय. त्याने विलंब जातो, कारण तो खासगी पत्त्यांना झटकन नकार देतो. पण आतल्या यंत्रांची नावं त्याला कधीच कळणार नाहीत, आणि आपल्या आतल्या पत्त्यांविषयीचे प्रश्न बाहेरच्या कंपनीकडे जात राहतील.

सुरक्षेची बाजू मांडणारे म्हणतात, फायरवॉलने गप्प राहणंच बरं, उत्तर दिलं की हल्लेखोराला आपला पत्ता लागतो. बाहेरच्या दारासाठी हे मान्य करायला हरकत नाही. आतल्या दारांसाठी ते पटत नाही. आपल्याच यंत्रांपासून आपण काय लपवतो आहोत? आतल्या नियमात पॅकेट टाकून देण्याऐवजी नाकारण्याचा आदेश असेल, तर विचारणाऱ्याला तत्काळ कळतं आणि तो पुढच्या सर्व्हरकडे वळतो. आणखी एक सावधगिरीची सूचना रास्त आहे: लॉगिनचा प्रत्येक विलंब डीएनएसचा नसतो. एसएसएचमधली जीएसएसएपीआय ही ओळख पटवण्याची पद्धत किंवा न सापडणारी नेटवर्क डिस्कही तसाच वेळ खाते. म्हणूनच 'टाइम' आणि टीसीपीडम्प आधी चालवावेत आणि सेटिंगला हात नंतर लावावा. ५३ क्रमांकाच्या पोर्टवर काहीच घडत नसेल, तर डीएनएस निर्दोष आहे.

कार्यालयाचं, शाळेचं किंवा सोसायटीचं जाळं सांभाळणाऱ्यांना म्हणून दोन गोष्टींची विनंती आहे. राउटर किंवा इंटरनेट कंपनी बदलाल त्याच दिवशी, पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीच्या सेटिंगमधून जुना डीएनएस आकडा काढून टाका. तिथे तो राहिला तर प्रत्येक यंत्राच्या यादीत पुन्हा पुन्हा उगवतो. आणि खासगी पत्त्यांच्या उलट प्रश्नांना घरातच उत्तर मिळेल अशी सोय करा. बाइंड या डीएनएस सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्यांत आणि तशाच अनबाउंडमध्ये ती मुळातच असते. लहान जाळ्यांत डीएनएसमास्क वापरात असेल, तर तो स्वतः वाटलेल्या पत्त्यांची नावंही सांगतो. उरलेल्या सगळ्यांना तिथल्या तिथे नकार द्यायला त्याच्या सेटिंगमध्ये 'बोगस-प्रिव्ह' ही एक ओळ पुरते.